दोन काठ्यांच्या मधली जागा

१

दहावं घरटंही रिकामं निघालं.

घरटं म्हणजे तरी काय, टाच फिरवून केल्यासारखा जमिनीतला एक खळगा आणि त्यात चार सुकल्या काड्या. टिटवी घर बांधण्याच्या भानगडीत पडत नाही. उघड्यावर चार अंडी घालते आणि त्यांवर बसून राहते. काल सकाळपर्यंत या खळग्यात चार अंडी होती, असं ताईच्या वहीत लिहिलेलं होतं. आज तिथं टरफलाचा तुकडासुद्धा नव्हता.

"आठ दिवसांत दहाच्या दहा," ताई म्हणाली. "मामा, हे माणसाचंच काम आहे."

मामा वाकून खळगा बघत होते. पिकांच्या नुकसानीचे पंचनामे करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. गारांनी झोपवलेलं पीक कसं दिसतं, डुकरांनी लोळवलेलं कसं आणि मालकानंच गुपचूप जनावरं घालून चारलेलं कसं, हे त्यांना बघताक्षणी कळायचं. या नोकरीनं त्यांचं एक मात्र केलं. माणसाच्या शब्दावरचा त्यांचा विश्वास पार उडाला. चहात साखर घातलीय असं कोणी म्हटलं, तर मामा आधी चमचा ओला आहे का ते बघत.

बहीण गेल्यापासून ही शेती तिची दोन मुलं सांभाळत होती. थोरला गाई आणि चारा बघायचा. धाकटी ताई पक्ष्यांचं शिक्षण घेऊन परत आली होती. तिच्यापायीच खालच्या कुरणावरून दोघांत तीन वर्षं धुसफूस चालली होती. थोरल्याला तिथं चर खणून पाणी काढायचं होतं आणि मका लावायचा होता. ताईचं म्हणणं, गवतही कापू आणि टिटव्याही राखू. शेवटी मामांनीच मधे पडून तोड काढली होती. तीन वर्षं कुरणात ना चर खणायचा, ना मका लावायचा. तिसऱ्या वर्षी निदान आठ घरट्यांतून पिल्लं बाहेर पडली तर कुरण कायमचं तसंच राहील, नाहीतर नांगर. हे तिसरं वर्ष होतं.

ताईची रीत साधी होती. घरटं सापडलं की त्याच्या दोन्ही बाजूंना, ट्रॅक्टरच्या रेषेत, दहा दहा पावलांवर एकेक काठी रोवायची. काठी गुडघ्याएवढी, टोकाला पांढरा रंग. ट्रॅक्टर चालवणाऱ्या उस्तादांनी पहिली काठी आली की कापणीयंत्र उचलायचं आणि दुसरी मागे पडली की खाली टेकवायचं. मधला पट्टा तेवढा उभा राहायचा. गेल्या वर्षी सहातली दोन घरटी गेली होती, पण ते कोणी मनावर घेतलं नव्हतं. यंदाची कापणी आणखी वीस दिवसांवर होती.

"घरटी कुठं आहेत हे कुणाला माहीत होतं?"

"मला. आणि नकाशाची एक प्रत उस्तादांकडे." ताईनं नजर वळवली. "उस्तादांचं नाव घ्यायला जीभ रेटत नाही हो मामा. पण दुसरं कोण?"

तेवढ्यात थोरला बांधावरून आला. "उगाच शोधत बसू नका. चला, दाखवतो."

उस्ताद गोठ्यामागच्या खोलीत राहायचे. खोलीच्या भिंतीला लागूनच गाईंना पाणी पाजायचा हौद होता. थोरल्यानं बाही वर करून तळाशी हात घातला आणि ओंजळभर टरफलं बाहेर काढली. मातकट हिरवी, काळ्या ठिपक्यांची.

"बावीस वर्षं या माणसाला घरचा म्हणून वागवलं," तो म्हणाला. "शनिवारपर्यंत खोली रिकामी करायला सांगितलंय."

त्या दिवशी गुरुवार होता.

२

उस्ताद उपड्या बादलीवर बसून पात्यांना धार लावत होते. मामांना बघून ते उठले नाहीत, हातही थांबला नाही.

"अंडी तुम्ही घेतलीत?"

"नाही."

"मग टरफलं तुमच्या हौदात कशी?"

"हौद गाईंचा आहे."

"गाई काही अंडी खात नाहीत."

"मी रोज साफ करतो तो. टरफलं, हाडकं, पावाचे तुकडे, वाटेल ते निघतं. पाणी घाण होतंय म्हणून थोरल्या दादांना मागच्या महिन्यातच सांगितलं होतं. म्हणाले, बघू."

मामांनी ते डोक्यात टिपून ठेवलं. "काठ्यांचं काम तुम्हाला पसंत नाही, असं ऐकलं."

दगड पात्यावरून जरा जोरात फिरला. "पहिल्या वर्षी ताईंना म्हणालो, काठ्या कशाला, माझ्या लक्षात राहतं. त्या म्हणाल्या, उस्ताद, तुमच्या लक्षात राहण्यावर हे काम चालत नाही. तेव्हापासून मी त्या विषयात तोंड घालत नाही."

"राग आला होता?"

"रागवायला मी कोण."

असं म्हणणारा माणूस हमखास रागावलेला असतो, हे कळायला मामांना पंचनाम्याची गरज नव्हती. "ट्रॅक्टरवर नसता तेव्हा खालच्या कुरणात जाता का?"

"नाही. काम संपलं की खोलीत."

दारापाशी उस्तादांचे बूट उन्हात वाळत घातले होते. तळव्यांना काळा चिकट गाळ लागला होता आणि त्यात गवताची हिरवी पाती अडकली होती. वरच्या सगळ्या जमिनीची माती तांबडी होती. काळा गाळ होता तो एकट्या खालच्या कुरणात, आणि ट्रॅक्टर महिनाभर तिकडे गेलेला नव्हता.

३

मामांनी बुटांचं कुणालाच सांगितलं नाही. त्यांनी आधी थोरल्याला गाठलं.

"मामा, उगाच आडून विचारू नका," थोरला म्हणाला. "कुरण मला हवंय, हे खरं. पण असं नकोय. आठ भरली असती तर मी चकार शब्द काढला नसता."

"घरटी कुठं आहेत ते तुला माहीत नव्हतं?"

"कसं नसेल? स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिनं नकाशा टांगलाय. चहा पिता पिता नजर जातेच."

म्हणजे नकाशाच्या प्रती दोन, पण डोळे कितीतरी. ताईनं हे सांगितलं नव्हतं. मामांना सगळ्यांचाच संशय यायला लागला आणि खरं सांगायचं तर त्यांना जरा बरं वाटलं. संशयाशिवाय त्यांना कामाला हुरूप येत नसे.

कुरणाच्या पलीकडे एका बोलघेवड्या माणसाची कोबीची शेती होती. त्याच्या अवजारांच्या शेडमधून सगळं कुरण तळहातासारखं दिसायचं.

"कोण येतं, कोण जातं, मला विचारा," शेजारी खूश होऊन म्हणाला. "सकाळी सातला तुमची भाची. पिवळी टोपी, हातात वही. काठ्यांच्या एका जोडीपाशी जाते, मधोमध वाकते, लिहिते, की पुढच्या जोडीकडे. तिच्यावरून घड्याळ लावून घ्यावं. हा आठवडाभर तर बिचारी दुपारीही येते, राखणीला."

"आणि दुसरं कोणी?"

"संध्याकाळी तुमचे उस्ताद. रोज. त्या टोकाच्या कोपऱ्यात जातात, पाच मिनिटं उभे राहतात आणि आले तसे परत. तिसरं माणूस नाही. असतं तर मला दिसलं असतं."

"तुमचं आणि टिटव्यांचं कसं आहे?"

"टिटव्या काय करणार माझं? माझं वैर कावळ्यांशी. दरवर्षी कोवळी रोपं उपटून टाकतात मेले. यंदा मात्र फिरकलेच नाहीत. नवं बुजगावणं उभं केलंय ना. त्याला माझा सदरा घातलाय. बायको म्हणते, तो सदरा बघून कोणीही पळेल."

मामा हसले. मग हसता हसता थांबले आणि बुजगावण्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्याच्या खांद्यावर एक चिमणी आरामात बसली होती.

४

दुपारी ते एकटेच कुरणात उतरले आणि दहाही खळग्यांभोवती वाकून फिरले.

माती मऊ होती. आदल्या दिवशीचा ठसाही चांगला उमटलेला दिसत होता. प्रत्येक खळग्यापाशी एकाच बुटाचे ठसे होते, लहान आणि अरुंद. ताईचे. उस्तादांच्या रुंद बुटाची खूण तिथं औषधालासुद्धा नव्हती. थोरल्याचीही नव्हती.

मामा शेवटच्या खळग्यापाशीच उकिडवे बसले. न पेरलेल्या पिकाची भरपाई मागणारे शेतकरी त्यांनी पाहिले होते. रडायचे तेसुद्धा अगदी खरं. यंदा आठचा आकडा भरत नाही हे ताईला आधीच कळलं असेल तर? घरटी वहीतच घातली, वहीतच चोरीला गेली, आणि दोष आला उस्तादांवर. चोरी झाली म्हटल्यावर थोरल्याकडून आणखी एक वर्ष मागून घेता येतं. सख्ख्या भाचीबद्दल असा विचार आला याची मामांना लाज वाटली, पण विचार काही जाईना.

मग त्यांनी हौदापासून खिशात टाकून आणलेली टरफलं काढून नीट पाहिली. अंडी होती, हे तर खरं. आणि प्रत्येक मोठ्या तुकड्याला कुशीत एक भोक होतं, कडा आत वळलेल्या. माणूस अंडं फोडतो तेव्हा ते कडेवर आपटतो. कुशीत भोक पाडत बसत नाही.

ऊन उतरल्यावर उस्ताद आले. मामा बांधाआड बसले होते, त्यांनी थोडं अंतर ठेवून पाठ धरली. उस्ताद शेजाऱ्यानं सांगितलं तसे सरळ टोकाच्या कोपऱ्यात गेले आणि उभे राहिले. मामा जवळ पोचले तशी पायापाशीच टिटवी ओरडत उडाली आणि उस्ताद गर्रकन वळले.

उस्तादांपासून आठ पावलांवर एक खळगा होता. त्यात चार अंडी होती, टोकं आत करून ठेवलेली. नकाशावर या कोपऱ्यात काहीच नव्हतं. आसपास एकही काठी नव्हती.

"अकरावं?" मामांनी विचारलं.

"महिना होत आला. आता कधीही फुटतील." उस्ताद म्हणाले. "मामा, हात जोडतो. ताईंना सांगू नका."

५

त्याच संध्याकाळी मामांनी कुरणाच्या मधोमध, जिथं कधीच घरटं नव्हतं अशा जागी, दोन काठ्या रोवल्या. सकाळी त्यांनी ताईला रोजच्यासारखी फेरी मारायला पाठवलं. "ही नवी जोडीही धर. मधोमध वाक, हा पावाचा तुकडा गवतात दडव, वहीत काहीतरी लिही आणि पुढे हो. विचारू नकोस."

थोरला, उस्ताद आणि मामा शेजाऱ्याच्या शेडमध्ये जाऊन बसले. थोरला आणि उस्ताद एकमेकांकडे बघत नव्हते. शेजारी मात्र सगळ्यांकडे बघत होता. फेरी संपवून ताईही येऊन बसली.

थोड्याच वेळात विजेच्या तारेवरून दोन कावळे उतरले. एक थेट नव्या काठीच्या पांढऱ्या टोकावर बसला. त्यानं समोरच्या काठीकडे पाहिलं, खाली उडी मारली आणि पट्टी ठेवून रेघ मारावी तसा सरळ चालत मधोमध आला. तिथं थांबला. गवतात चोच घातली. पावाचा तुकडा उचलला आणि उडाला तो गोठ्याच्या दिशेनं.

"तो आता हौदावर बसून पाव भिजवेल," मामा म्हणाले. "कावळा कडक काही मिळालं की पाण्याशी घेऊन जातो. हाडकं, पाव, अंडी, सगळं. म्हणून टरफलं हौदात. म्हणून त्यांना कुशीत चोचीचं भोक. म्हणून खळग्यांपाशी बाहेरच्या माणसाचा ठसा नाही. आणि यांच्या कोबीकडे कावळे फिरकले नाहीत ते सदऱ्याला घाबरून नव्हे. त्यांना इकडे मांडून ठेवलेलं ताट मिळत होतं."

"गेल्या वर्षीची दोन..." थोरला म्हणाला.

"तेव्हा शिकले. यंदा धडा पक्का झाला. काठी दिसली की दुसरी शोधायची आणि दोन्हींच्या मधोमध जायचं. आणि खाऊ ताजा आहे की नाही हे रोज सकाळी पिवळी टोपी येऊन सांगायची. काठी नसलेलं एकच घरटं या कुरणात होतं, टोकाच्या कोपऱ्यात. ते शाबूत आहे. ते उस्तादांना माहीत होतं."

ताईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "मी," ती म्हणाली. "घरटी जायला लागली तशी मी दोनदा जायला लागले. मीच दाखवत होते त्यांना." तिला रडू आलं आणि ते तिनं लपवलं नाही. चाळीस अंडी तिनं एकेक करून मोजली होती.

मामांचं अजून संपलं नव्हतं. ते उस्तादांकडे वळले. "तुम्हाला कधी कळलं?"

"चौथं गेलं तेव्हा. कावळा काठीवर बसलेला पाहिला."

"आणि बोलला नाहीत?" ताईनं विचारलं.

"पहिल्या वर्षी बोललो होतो, ताई."

ताईनं हातातली वही मिटली.

"म्हणजे चार घरटी हिच्या काठ्यांनी गेली," मामा म्हणाले, "आणि सहा तुमच्या रुसव्यानं. डोक्यावर चोरीचा आळ आला, खोली जायची वेळ आली, तरी तोंड उघडलं नाहीत. शाबास तुमची."

उस्तादांनी मान खाली घातली. "खरंय. मला वाटलं, आणखी एक दोन गेली की त्या आपणहून विचारायला येतील. मग इतकी गेली की सांगायचं तोंडच उरलं नाही. ते कोपऱ्यातलं तेवढं राखत होतो."

थोरल्यानं घसा साफ केला. "उस्ताद, माझं चुकलं. खोली सोडायची काही गरज नाही."

"ते ताईंनी सांगायला हवं," उस्ताद म्हणाले आणि उठून गेले.

६

त्या दिवशी ताईनं एकूण एक काठी उपटली. भिंतीवरचा नकाशा काढला. मग ती गोठ्यामागे गेली. मामा हौदापाशी उभे होते. त्यांना आत जाता येईना आणि निघूनही जाववेना.

खोलीच्या दारात बांधलेली ट्रंक होती. ताई तिच्यावरच बसली.

"मी तुम्हाला चोर समजले," ती म्हणाली. "त्याच्याआधी तुमचं ऐकूनही घेतलं नाही. दोन्हींची माफी मागते."

उस्ताद दाराच्या चौकटीला टेकले.

"अंडी गेली की टिटवी पुन्हा घालते. आठवड्याभरात नवी घरटी होतील. ती तुम्ही शोधा, लांबून, तुमच्या नजरेनं. काठी नको, नकाशा नको, कागदावर काही नको. आणि उस्ताद, कुठं आहेत ते मलाही सांगू नका. मला कळलं की माझे पाय तिकडे वळतील."

"नव्हतोच सांगणार," उस्ताद म्हणाले. मग थोड्या वेळानं, "ट्रंकेवरून उठा. कपडे काढायचेत."

कापणीच्या दिवशी ताई गोठ्यापाशी कुरणाकडे पाठ करून बसली. यंत्र वर उचललं की ट्रॅक्टरचा आवाज हलका व्हायचा, तेवढंच तिला कळायचं. मामा बांधावरून बघत होते. उस्ताद सपाट गवतात, कुठलीही खूण नसलेल्या जागी यंत्र उचलत होते आणि दहा वीस पावलांवर पुन्हा टेकवत होते. गाड्या भरभरून गवत वर आलं. थोरल्यानं वैरणीची खोली पाहिली आणि त्याला नाव ठेवायला काही मिळालं नाही. आठाची अट मात्र त्यानं सोडली नव्हती. अट ती अट, असं त्यानं मामांना बजावलं होतं.

सहा आठवड्यांनी सगळे स्वयंपाकघरात बसले. मोजणारा माणूस या घरात आता एकच होता आणि त्याच्याजवळ वही नव्हती, फोटो नव्हता, साक्षीदार नव्हता. आठ म्हटलं असतं तर खोडून काढायला कोणाकडे काही नव्हतं. ताईनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

"किती घरट्यांतून पिल्लं निघाली?" थोरल्यानं विचारलं.

"सात," उस्ताद म्हणाले. "कोपऱ्यातलं धरून. आठव्यात पाणी शिरलं."

ताईनं डोळे मिटले. मामांनी बावीस वर्षं या घरात काढलेल्या त्या माणसाकडे पाहिलं आणि त्यांना चमचा ओला आहे का ते बघावंसं वाटलं नाही.

थोरला बराच वेळ कप फिरवत बसला. "आठ म्हणाला असतात," तो शेवटी म्हणाला, "तर मी आत्ता बूट घालून मोजायला उतरलो असतो."

"मग?" ताईनं विचारलं.

"मग काय. मका वरच्या शेतात लावू." त्यानं फोन उचलला आणि चर खणणाऱ्याला येऊ नको म्हणून सांगितलं.